छोटा शब्द, मोठे काम

आपण काय काय खातो? भाकरी खातो, आंबा खातो. पण मारही खातो आणि शपथही खातो. लबाड माणूस पैसे खातो. तो काय नोटा चावतो? नाही! 'खातो' हा शब्द तोच. पण सोबतीला जो शब्द येतो, त्याप्रमाणे अर्थ पालटतो.

इंग्रजीची रीतही अशीच आहे. महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. औषधाच्या बाटलीवर, फवारणीच्या डब्यावर इंग्रजी मजकूर असतो. तेव्हा ही रीत आपण थोडी समजून घेऊ.

इंग्रजीत 'टेक' म्हणजे घेणे. फोटो आपण काढतो. इंग्रजीत फोटो 'टेक' करतात. गोळी आपण खातो, काढा पितो. इंग्रजीत दोन्हींना 'टेक'च. आता गंमत पाहा. आपल्याकडे मुलगा परीक्षा देतो आणि मास्तर परीक्षा घेतात. इंग्रजीत मात्र मुलगाच परीक्षा 'टेक' करतो! म्हणून मराठी शब्दाला इंग्रजी शब्द जोडून चालत नाही. कोणता शब्द कोणाबरोबर नांदतो, हे पाहावे लागते.

दुसरी गोष्ट छोट्या शब्दांची. आपण म्हणतो, घरात, झाडावर, जेवणानंतर. 'त', 'वर', 'नंतर' हे मागून चिकटतात. इंग्रजीत असे शब्द आधी येतात. 'आफ्टर फूड' म्हणजे जेवणानंतर. 'बिफोर फूड' म्हणजे जेवणाआधी. गोळ्यांच्या पाकिटावर हे लिहिलेले असले, तर नीट वाचून घ्यावे.

हेच छोटे शब्द कामाच्या शब्दाला जोडले, की अर्थ फिरतो. 'टर्न' म्हणजे फिरवणे. 'टर्न ऑन' म्हणजे चालू करणे. 'टर्न ऑफ' म्हणजे बंद करणे. 'लुक' म्हणजे पाहणे, पण 'लुक फॉर' म्हणजे शोधणे. आणि 'लुक आफ्टर' म्हणजे? 'आफ्टर' म्हणजे नंतर, हे आपण आताच शिकलो. मग 'नंतर पाहू' असा अर्थ झाला का? मुळीच नाही! 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळ करणे. आजीला 'लुक आफ्टर' करा, असे कोणी सांगितले आणि आपण 'नंतर पाहू' म्हटले, तर आजी बिचारी उपाशीच राहील.

इथे हसून सोडता येते. पण सगळीकडे तसे नसते. कीटकनाशकाच्या डब्यावर इंग्रजीत असते, 'कीप आउट ऑफ द रीच ऑफ चिल्ड्रन'. 'कीप' म्हणजे ठेवा. 'आउट' म्हणजे बाहेर. 'चिल्ड्रन' म्हणजे मुले. एवढ्यावरून कोणी डबा घराबाहेर ओट्यावर ठेवील. आणि मुले तर तिथेच खेळतात! 'रीच' म्हणजे हात पोचणे. सगळे शब्द मिळून अर्थ होतो तो असा: जिथे मुलांचा हात पोचणार नाही, अशा जागी ठेवा. म्हणजे कुलपात ठेवा. औषधाच्या बाटलीवरही हेच वाक्य असते.

त्याच डब्यावर एक तिरपा चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला रंग दिलेला असतो. लाल रंग सर्वांत जहाल विषाचा. त्याच्या खालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा रंग पाहून निर्धास्त राहू नका. तो डबाही मुलांपासून दूरच ठेवायचा. रिकाम्या डब्यात पाणी किंवा धान्य कधी भरू नका. डब्याबरोबर माहितीचे पत्रक मिळते. ते दुकानदाराकडून मागून घ्या आणि त्यातला मराठी मजकूर वाचा.

तेव्हा मंडळी, एवढे ध्यानात ठेवू. शब्द एकटा वाचायचा नाही. त्याचा सोबती पाहायचा, मग अर्थ लावायचा. कळले नाही, तर विचारायचे. विचारण्यात लाज कसली?

सराव

१. मार, हवा, भाव. या शब्दांना 'खाणे' जोडा. प्रत्येकाचा अर्थ सांगा.
२. 'बिफोर फूड' लिहिलेली गोळी केव्हा घ्याल?
३. 'लुक फॉर' आणि 'लुक आफ्टर' यांत फरक काय?
४. आज घरी गेल्यावर फवारणीचा डबा कुठे ठेवला आहे ते पाहा. तिथे मुलांचा हात पोचतो का?