शंकूची सावली आणि पृथ्वीचा घेर

पृथ्वी वाटोळी आहे व तिचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, हे आपल्या घरातील शाळकरी मूलही बिनचूक म्हणून दाखविते. परंतु "हे कशावरून?" असे विचारले, की मूल पुस्तकाकडे बोट दाखविते, आणि पुष्कळदा वडील माणसेही तेच करतात. पुस्तकावर विश्वास ठेवण्यात काही गैर नाही. तथापि जे स्वतः मोजून पाहता येते ते केवळ ऐकून मानावे, हे विद्येची आवड असणाऱ्यांस शोभत नाही. म्हणून पृथ्वीचा घेर घरच्या अंगणात कसा मोजावा, हे येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. त्यासाठी दुर्बीण नको. एक सरळ काठी, ओळंबा, मोजपट्टी आणि हैदराबादेत राहणारा एखादा आप्त एवढे पुरे.

सपाट जमिनीवर उभ्या रोवलेल्या काठीस आपल्या ज्योतिषग्रंथांत शंकु म्हणतात. तिच्या सावलीवरून दिशा, वेळ व स्थळाचा अक्षांश काढण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. उज्जयिनीस सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात वेधशाळा बांधली व १९२३ साली ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला. तेथे शंकुयंत्र आजही पाहावयास मिळते.

याच साधनाने पृथ्वी मोजण्याची कल्पना इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे राहणाऱ्या एराटोस्थेनिस या ग्रीक पंडितास सुचली. दक्षिणेकडील सायीन गावी वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो, हे त्यास ठाऊक होते. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सूर्य डोक्यापासून वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे ७.२ अंश, कललेला असे. तेव्हा दोन गावांमधील अंतराच्या पन्नास पट तो पृथ्वीचा घेर, असे त्याने ठरविले.

यातील मर्म समजून घेऊ. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्यामुळे त्याचे किरण दोन्ही गावी जवळजवळ समांतरच येतात. मग सावल्यांत फरक का पडावा? जमीन वाकलेली आहे म्हणून. एका गावची उभी काठी आणि दुसऱ्या गावची उभी काठी या एकमेकींस समांतर नसतात. दोन्ही पृथ्वीच्या मध्याकडे रोखलेल्या असतात. त्यांच्यातील कोन, तोच सावल्यांच्या कोनांतील फरक होय.

आता आपल्याकडे वळू. ही दोन्ही स्थळे शक्य तो एकाच रेखांशावर असावी लागतात, आणि या बाबतीत ग्वाल्हेरकर मोठे भाग्यवान आहेत. ग्वाल्हेर सुमारे ७८.२ अंश पूर्व रेखांशावर आहे व हैदराबाद सुमारे ७८.५ अंशांवर. म्हणजे हैदराबाद जवळजवळ आपल्या नीट दक्षिणेस येते. नकाशावर पट्टी ठेवून प्रमाणाने मोजल्यास सरळ अंतर सुमारे ९८० किलोमीटर भरते. आगगाडीचे अंतर येथे कामाचे नाही, कारण रूळ वळणे घेत जातात.

२१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास, आकाश निरभ्र असता, दोन्ही ठिकाणी एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने अगदी उभी रोवावी. मध्यान्ह म्हणजे घड्याळातील बारा नव्हेत. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेने चालते. शिवाय सूर्याची चालही वर्षभर सारखी नसते. म्हणून ग्वाल्हेरीस खरा मध्यान्ह २३ सप्टेंबरला १२ वाजून १० मिनिटांच्या, तर २१ मार्चला १२ वाजून २४ मिनिटांच्या सुमारास होतो. पावणेबारापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावली मोजावी व सर्वांत आखूड असेल ती घ्यावी.

त्या दिवशी ग्वाल्हेरीस सावली सुमारे ४९ सेंटीमीटर व हैदराबादेस सुमारे ३१ सेंटीमीटर येईल. कागदावर दहा सेंटीमीटरची उभी रेघ काढून तिच्या पायथ्याशी काटकोनात ४.९ सेंटीमीटरची आडवी रेघ काढावी, टोके जोडावीत व वरचा कोन कोनमापकाने मोजावा. तो सुमारे २६.२ अंश भरेल. हैदराबादचा याच रीतीने सुमारे १७.४ अंश येईल. फरक ८.८ अंश. पूर्ण वर्तुळाचे अंश ३६०, त्यांस ८.८ ने भागल्यास सुमारे ४०.९ येतात. यास ९८० ने गुणिले, की ४०,००० किलोमीटरांच्या आसपास उत्तर येते!

हा प्रयोग दोन्हीकडे ऊन असेल अशा कोणत्याही एका दिवशी करता येतो. मात्र साधारण ९ मेपासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत हैदराबादेत सूर्य मध्यान्ही डोक्याच्या उत्तरेस असतो व सावली दक्षिणेस पडते. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्याने आपल्याकडे असे कधीच घडत नाही. त्या दिवसांत दोन कोनांची वजाबाकी न करता बेरीज करावी.

एक इशारा देणे अगत्याचे आहे. ग्वाल्हेरची सावली मोजताना एका सेंटीमीटरची चूक झाली, तर घेरात सुमारे दोन हजार किलोमीटरांचा फरक पडतो. सावलीची कडही अंधुक असते, कारण सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाचे बिंब आहे. त्या अंधुक पट्ट्याचा मध्य धरावा. उत्तर पुस्तकाशी जुळले नाही, तर आकडा ओढूनताणून जुळवू नये; काठी, जमीन व मोजणी पुन्हा तपासावी. ही सचोटी मुलांच्या अंगी बाणली, तर घेर थोडा चुकला तरी चालेल.

आपला समाज नोकरी-व्यवसायानिमित्त दूरदूरच्या शहरांत विखुरला आहे, याची खंत आपण नेहमी ऐकतो. परंतु हा प्रयोग एका गावी राहून होतच नाही; दूर राहणारे दोघे एका दिवशी, एका मनाने मोजू लागतात तेव्हाच तो सिद्धीस जातो. या महोत्सवी वर्षात निदान दहा घरांतील मुलांनी आपल्या मामास किंवा आत्यास पत्र धाडून हा बेत ठरवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. त्यानंतर कोणी "हे कशावरून?" असे विचारल्यास, "आम्ही स्वतः मोजले आहे" असे उत्तर ती मुले देऊ शकतील.