गोळी एका दिवसाची, सवय रोजची



"गोड फार खातो म्हणून जंत झालेत", "झोपेत दात खातो, म्हणजे जंतच!" ही वाक्यं आपण घरोघरी ऐकतो. पण गोड खाऊन जंत होत नाहीत आणि दात खाणं ही त्यांची खात्रीची खूणही नाही. मग जंत येतात कुठून?

जंतांची अंडी शौचावाटे बाहेर पडतात. कळव्याचे डोंगरउतार असोत की कल्याणची नेतिवली टेकडी, दाट वस्तीत शौचालय सामायिक असतं. तिथे रांग असते, अंधार असतो, म्हणून लहान मूल गटाराच्या कडेलाच बसतं. त्याच मातीत मुलं खेळतात आणि त्याच हातांनी खातात.

गोलकृमीची एक मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. ती मातीत दोन-तीन आठवड्यांत संसर्ग करण्याजोगी होतात आणि तोंडावाटे पोटात जातात. हुकवर्मची अळी मात्र अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते. पुढे हा जंत आतड्यात रक्त शोषतो. त्यामुळे रक्त कमी झालेलं मूल वर्गात पेंगतं, आणि आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो.

यासाठी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. साधारणपणे फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाडीत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल मोफत देतात. १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी चुरून, २ ते ३ वर्षांच्या मुलाला ४०० मि.ग्रॅ.ची एक गोळी चुरून आणि त्यापुढच्यांना तीच गोळी चावून खायला देतात. आजारी मुलाला त्या दिवशी देत नाहीत. राहिलेल्यांसाठी मॉप-अप दिन असतो, तो चुकवू नका. गोळीनंतर थोडं मळमळलं किंवा पोट दुखलं तर घाबरू नका, बहुधा ते लवकर थांबतं. त्रास वाढला तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. गोळी पोटातले जंत मारते, अंगणातली अंडी नाही. म्हणून नखं कापणं, चप्पल घालणं आणि साबणाने हात धुणं रोजचंच. दुसरं, दूषित पाण्यातून येणारे जिआर्डिया आणि अमीबा या एका गोळीने जात नाहीत. पिण्याचं पाणी उकळून घ्या. जुलाब बरेच दिवस थांबत नसतील, वजन वाढत नसेल, तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने शौचाची तपासणी करून घ्या.

वर्गात एक प्रयोग करून बघा. एका मुलाच्या तळहाताला तेलात कालवलेली हळद लावा आणि दहा मिनिटं नेहमीसारखं वागू द्या. पेन्सिल, बाक, पाण्याची बाटली, शेजाऱ्याचा हात, पिवळं कुठे कुठे पोचलं ते मुलांनाच शोधू दे. मग आधी नुसत्या पाण्याने आणि नंतर साबणाने हात धुवायला सांगा. नखांच्या कोपऱ्यात उरलेली हळद दाखवली, की नखं का कापायची हे वेगळं सांगावं लागणार नाही.