दुसऱ्याच्या रिंगमधून आपला दहा दिसत नाही

आमच्या वर्धा, पुलगाव, हिंगणघाटकडच्या पोरांची रायफलशी पहिली गाठ पडते ती बहुधा एनसीसीच्या कॅम्पात. पालथं पडायचं, पॉइंट टू-टूची जड रायफल खांद्याला लावायची आणि उस्ताद सांगतील तसा नेम धरायचा. त्यातल्या काहींना गोडी लागते आणि ती दहा मीटर एअर रायफलकडे वळतात. अंजली भागवत यांनीही मुंबईत कॉलेजात असताना एनसीसीतूनच रायफल हाती घेतली आणि 2000 साली सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. तेव्हा या वाटेने येण्यात काही वावगं नाही. घोटाळा होतो तो रायफल बदलते, साइट बदलते आणि नेम धरण्याची सवय तेवढी जुनीच राहते तेव्हा. मी बरीच वर्षं नेमबाजी केली, आता मुलांना शिकवतो. दोन्हीकडून पाहिलेलं सांगतो.

आधी ओपन साइट. मागे खाच, पुढे फोरसाइटचं टोक. टोक खाचेच्या मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरच्या कडा एका पातळीत. आता हे टोक काळ्या गोलावर टेकवायचं कुठे? काळ्यावर काळं टोक धरलं की ते दिसेनासं होतं. म्हणून बरेच जण ते गोलाच्या तळाशी, घड्याळातल्या सहाच्या जागी धरतात आणि छर्रा मध्यावर बसेल अशी बॅकसाइट लावून घेतात. काही जण मध्यावरच धरतात. दोन्ही चालतं. सरमिसळ मात्र चालत नाही.

मध्यंतरी एक मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, नेम तं बरोब्बर होता, तरी छर्रा वरच कसा जाऊन राहिला?" रायफल दुसऱ्याची होती, तळाच्या नेमाला लावलेली, आणि हा धरत होता मध्यावर. दहा मीटरच्या टार्गेटवरचा काळा गोल 30.5 मिलिमीटरचा असतो. म्हणजे छर्रा सुमारे 15 मिलिमीटर वर जाणार. एकेक गुण अडीच मिलिमीटरचा, त्यामुळे दहाचे थेट चार झाले. पोराचा हात स्थिर होता, ट्रिगरही चांगला होता. परकी रायफल हाती आली की ती कुठल्या नेमाला लावली आहे, हे आधी विचारावं.

पीप साइटचं तंत्र वेगळं. मागे बारीक छिद्र, पुढे रिंग आणि रिंगच्या आत काळा गोल. इथे टेकवायचं काहीच नसतं. गोलाभोवती पांढरी पट्टी चहूबाजूंनी सारखी दिसली की झालं. ओपन साइटवरून आलेली मुलं मात्र इथेही तळ शोधत बसतात.

खरी फसगत होते ती रिंग निवडताना. रिंग जितकी बारीक तितका नेम पक्का, असं वाटणं साहजिक आहे. एका राज्य स्पर्धेआधी एका जुन्या नेमबाजाने मलाही तेच सांगितलं. त्याच्या रायफलवर बारीक रिंग शोभत होती, मीही तसलीच बसवली. महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुणं गाठलं, बालेवाडीला लेनवर उभा राहिलो. पांढरी पट्टी केसाएवढी. रायफल जराशी डोलली की पट्टी उजवीकडून गायब. ती आणावी तर डावीकडून गायब. डोळा या पाठशिवणीत गुंतलेला, बोट ट्रिगरवर ताटकळलेलं. मग क्षणभर पट्टी सारखी दिसली की बोट दचकून ओढायचं आणि छर्रा आठात, कधी सातात.

रायफल प्रत्येकाची डोलते. डोलतानाही पांढरी पट्टी चहूबाजूंनी शिल्लक राहील एवढी मोकळी रिंग हवी. दोन गोल एकमेकांच्या मधोमध आहेत की नाहीत, हे डोळा आपणहून ओळखतो, त्याला फटीत कोंडावं लागत नाही. रिंगचं चष्म्याच्या नंबरासारखं आहे, दुसऱ्याचा लावला की डोकं दुखणारच. नवख्याने 4 मिलिमीटरच्या आसपास सुरुवात करावी. मग शेजारच्या दोन-तीन मापांनी वेगवेगळ्या दिवशी दहा-दहा छर्रे मारावेत आणि गुण न मोजता ग्रुप पाहावा. ज्या रिंगने ग्रुप गोल आणि घट्ट येतो, बोट अडखळत नाही, ती आपली. उभ्याने डोलणं जास्त, म्हणून पालथ्यापेक्षा उभ्याला रिंग मोठी लागते. 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसळे यांनी कांस्यपदक मिळवलं त्या प्रकारात गुडघ्यावर, पालथं आणि उभ्याने, तिन्ही स्थितींत मारावं लागतं. तिथे एकाच मापावर अडून बसणं परवडत नाही.

नजर रिंगवर ठेवावी, काळा गोल किंचित पुसट दिसला तरी चालेल. दोन साइटमधलं अंतर 65 सेंटिमीटर धरलं, तर पुढची रिंग मागच्या छिद्राच्या मध्यापासून 0.1 मिलिमीटर सरकली तरी छर्रा दीड मिलिमीटर सरकतो. गाल कुंद्यावर दर वेळी त्याच जागी टेकवायचा तो यासाठीच. दुसरा डोळा मिटू नये, त्याने चेहरा आखडतो. जुन्या फाइलच्या पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी त्या डोळ्यापुढे लावली की काम भागतं. नेम स्थिरावल्यावर सात-आठ सेकंदांत छर्रा सुटला नाही तर रायफल खाली घ्यावी. टक लावून थकलेल्या डोळ्याला रिंग मधोमध नसतानाही मधोमध दिसते.

आमच्याकडच्या उन्हात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. उघड्या रेंजवर फोरसाइटची एक बाजू चमकते, डोळा त्या चमकीलाच टोक समजतो आणि गोळी उजेडाच्या उलट बाजूला जाते. कापूर जाळून टोकावर काजळी धरली की चमक मरते.

सुमा शिरूर यांनी 2004 साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत 400 पैकी 400 गुण घेतले. म्हणजे एकच चित्र चाळीस वेळा. आपल्याला साधायचं आहे ते हेच. म्हणून सराव फैरींत ग्रुप घट्ट आला पण मध्यावर नसला, तर साइटचे क्लिक फिरवा. नेम सरकवू नका. सरकवलेला नेम पहिल्या दहा छर्‍यांत लक्षात राहतो, पन्नासाव्याला हमखास विसरतो.