एलीच्या घरातील सबबी

शास्त्रपाठ : १ शमुवेल २:१२-३६, ३:११-१८, ४:१२-१८

एली आपल्या मुलांना काहीच बोलला नाही, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. तसे नाही. हफनी व फिनहास शिलो येथे अर्पणाचे मांस दमदाटीने घेत व सेवा करणाऱ्या स्त्रियांशी कुकर्म करीत. ते कानी आल्यावर म्हाताऱ्याने त्यांना समज दिली. पण याजकपण मात्र त्यांच्याकडेच राहू दिले. ३:१३ मधील ठपका हाच आहे, की ठाऊक असूनही त्याने त्यांना आवरले नाही.

२:२९ तर अधिकच बोचते. देवापेक्षा पुत्रांचा मान अधिक राखला आणि अर्पणाच्या उत्तम भागावर सारे पुष्ट झाले, असा तेथे आरोप आहे. त्या ‘सारे’ मध्ये बापही आला! इब्री भाषेत ‘मान देणे’ व ‘जड’ हे एकाच धातूचे शब्द आहेत. ४:१८ मध्ये एली आसनावरून पडून मेला, तेव्हा तो वृद्ध व जड होता असे लिहिले आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या ओळखीच्या एका विश्वासी घरातील सोळा वर्षांच्या मुलाने मोटारसायकलने एका दूधवाल्याला उडवले. “पोर आहे अजून,” आजी म्हणाली. “दूधवालाच आडवा आला,” काका म्हणाले. गाडी थोरला भाऊ चालवीत होता असे सांगायचे ठरले, कारण त्याच्याकडे लायसन्स होते. मला प्रार्थनेला बोलावले. मी त्या घरावरील ‘संकटा’साठी प्रार्थना केली. दूधवाल्याचे नाव मी घेतले नाही. पुढे त्याचा पाय अधू राहिल्याचे कळले.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९अ घातले गेले. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड. आपल्याला ठाऊक नव्हते, किंवा आपण रोखण्याची पुरेपूर खबरदारी घेतली होती, हे सिद्ध केले तरच त्याला शिक्षा होत नाही. ३:१३ पुन्हा वाचा. तेथेही हेच दोन मुद्दे आहेत. त्या घरी किल्ली खुंटीला असे आणि मुलगा रोज शिकवणीला गाडी नेई.

हा निरोप एलीला शमुवेलाने सांगितला, तेव्हा तो लहान होता. पुढे त्याचेच पुत्र बैरशेबा येथे लाच घेऊ लागले (८:१-३). १२:२ मध्ये निरोपाच्या भाषणात तो त्यांचा उल्लेख करतो, पण त्यांच्या लाचेविषयी तेथे एक शब्दही नाही.