परसबागेचे सशापासून संरक्षण

परसबागेस कुंपण घातले की भाजीपाला सुरक्षित झाला, असा समज सर्वत्र आढळतो. तथापि माळरानास लागून असलेल्या वस्त्यांवर कुंपण शाबूत असतानाही मेथी, पालक व कोबीची रोपे एका रात्रीत फस्त झालेली दिसतात आणि कुटुंबाची महिन्याची भाजी जाते. दिवाळीनंतर माळावरील गवत वाळू लागते. अशा वेळी सांडपाण्यावर जोपासलेली परसबाग हाच परिसरातील हिरवा तुकडा उरतो. ससा तिकडे न वळला तरच नवल.

नुकसान कोणी केले, याची प्रथम खात्री करून घ्यावी. ससा कोवळा शेंडा चाकूने छाटावा तसा तिरकस तोडतो. शेळीने ओरबाडलेले टोक फाटलेले असते. सशाच्या लेंड्या गोल, किंचित चपट्या व गवताच्या भुशासारख्या असतात. बिळे आढळल्यास उंदीर वा घूस समजावी. आपल्याकडील रानससा बीळ करीत नाही. झुडपाच्या आडोशास जमिनीवरच तो दिवसभर दबून राहतो. बीळ खणणारा ससा मूळचा यूरोपातील. त्याचे पाळीव वंशज येथे पिंजऱ्यात दिसतात. त्यामुळे जाळी खोल गाडण्याचा खर्च येथे करण्याचे कारण नाही.

खरी उणीव कुंपणाच्या तळाशी असते. बाभळीच्या काट्या वाळल्या की खालची पाने व डहाळ्या झडून फटी पडतात. घायपात किंवा मेंदी यांचे जिवंत कुंपणही बुडाशी विरळ होते. यास्तव कुंपणाच्या आतील बाजूने 1 इंच भोकाची कोंबडीजाळी जमिनीपासून 3 फूट उंच लावावी. भोके मोठी असल्यास पिल्ले सहज शिरतात. जाळीची खालची 6 इंच कड बाहेरच्या बाजूस दुमडून तीवर माती व दगड दाबावेत. जाळी परवडत नसेल तर बुडाशी दगडांचा गडगा रचून सांधी चिपांनी बुजवाव्यात. मेहनत अधिक, परंतु पैसा लागत नाही.

फाटकाकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते! त्याखाली चार बोटांची फट ठेवून जाळीवर खर्च करणे व्यर्थ होय. तेथे दगडी उंबरा बसवावा. सांडपाण्याची चारी जेथून आत येते तेथेही जाळीचा तुकडा लावावा व त्यात अडकलेला कचरा वरचेवर काढावा.

फासे, विष किंवा कुंपणात घरगुती वीज सोडणे यांचा अवलंब कदापि करू नये. रानससा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षित आहे. आणि विजेच्या तारेने प्रथम बळी जातो तो बहुधा घरातल्या मुलाचा किंवा गुराचा.

शेवटची फट बुजविण्यापूर्वी बागेतील गवत काढून ससा आत दडलेला नाही, हे पाहावे. पहिल्या मोठ्या पावसानंतर तळाची माती वाहून जाते; त्या वेळी कुंपणाभोवती एक फेरी अवश्य मारावी.