जुन्या ट्रॅक्टरच्या गिअरची परीक्षा

कागल तालुक्यात दूधगंगा व वेदगंगा यांच्या काठचा पुष्कळ ऊस ट्रॅक्टरनेच कारखान्यावर जातो. वापरलेला ट्रॅक्टर विकत घेणारा शेतकरी बहुधा रंग व टायर पाहतो. गिअरची परीक्षा राहून जाते.

प्रथम इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सर्व गिअर क्रमाने टाकावेत. दाते समोरासमोर येऊन अडल्यास ट्रॅक्टर किंचित ढकलावा. नंतर इंजिन मंद गतीवर चालू ठेवून तेच करावे. बंद स्थितीत सहज पडणारा गिअर आता करकरू लागला, तर दोष बहुधा गिअर-पेटीत नसून क्लच पूर्ण न सुटण्यात असतो. अशा वेळी पेडलची मोकळी चाल पुस्तिकेप्रमाणे जुळवून घ्यावी. पेटी उघडण्याची घाई करणारे कारागीर पुष्कळ भेटतात! दोन्ही स्थितींत गिअर अडत असेल, तर मात्र दांडा, त्याचे सांधे व आतील फोर्क तपासावेत.

आपोआप सुटणारा गिअर हा सर्वांत घातक दोष होय. भरलेल्या ट्रॉलीसह उतारावर तो सुटल्यास इंजिनाचा अटकाव नाहीसा होऊन सर्व भार ब्रेकांवर पडतो. गिअर अडवून धरणारी गोळी व स्प्रिंग किंवा दाते झिजल्याने असे घडते. म्हणून सपाट जागी, ओझे जोडून, प्रत्येक गिअरमध्ये वेग वाढवून एकदम कमी करून पाहावा.

शेवटी पेटीतील थोडे तेल काढावे. ते दुधाळ दिसल्यास पाणी शिरले आहे असे समजावे. डोळ्यांना दिसतील असे धातूचे तुकडे आढळल्यास बेअरिंग वा दाते तुटत आहेत. असा ट्रॅक्टर दुरुस्तीचा अंदाज घेतल्यावाचून विकत घेऊ नये.