खोकं उघडल्यावर खेळ सुरू होतो का?

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत मी शेतात असते. तो आजीजवळ राहतो आणि तिच्या मोबाइलवर खेळण्यांचे व्हिडिओ बघतो. कुणीतरी खोकी उघडतं, रंगीत अंडी फोडतं, आतून गाड्या निघतात. मारामारी नाही, शिवीगाळ नाही, म्हणून आम्ही काही म्हणत नव्हतो. आता मात्र फोन काढून घेतला की तो लोळण घेतो आणि ‘मला तसलंच अंडं पाहिजे’ म्हणून दिवसभर मागे लागतो. हे व्हिडिओ लेकरांसाठी बरे की वाईट, हे ओळखायचं कसं? आम्हाला त्यातलं इंग्रजीही कळत नाही.
– एक आई, मानवत (जि. परभणी)

उत्तर : ताई, इंग्रजीची काळजी सोडा. हे व्हिडिओ पारखायला भाषा लागत नाही, डोळे लागतात. एकदा मुलाला मांडीवर घ्या आणि त्याच्या आवडीचा एक व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच्यासोबत बघा. पुष्कळदा माणसाचा चेहराही दिसत नाही, नुसते दोन हात दिसतात. वेष्टन सावकाश फाटतं, आतली पिशवी चुरचुरते, गाडी बाहेर येते. ती इकडून तिकडून फिरवून दाखवतात, बाजूला ठेवतात आणि लगेच पुढचं अंडं हातात घेतात. त्या गाडीत कुणी बसलं नाही, ती बाजाराला गेली नाही, चिखलात रुतली नाही. लेकराचा खेळ जिथून सुरू व्हायचा, तिथेच व्हिडिओ तिला सोडून पुढे जातो.

मारामारी नाही, शिव्या नाहीत, हे तुम्ही पाहिलंत ते बरोबरच. पण तेवढ्यावर थांबू नका. माझ्या मते खरी परीक्षा फोन बंद झाल्यावर होते. फोन ठेवल्यानंतर मूल काय करतं? घरातली वाटी-चमचा घेऊन पाहिलेलं काही खेळतं, की नुसतं ‘ते आणून दे’ म्हणतं? ज्या व्हिडिओनंतर रोज मागणीच उरते, तो तुमच्या मुलासाठी नाही, मग त्यात वाईट असं काही दिसो वा न दिसो.

तो लोळण घेतो म्हणून त्याला हट्टी ठरवू नका. ‘आत काय असेल?’ या उत्सुकतेवर हे व्हिडिओ उभे असतात. एक अंडं फुटलं की दुसरं समोर येतं, एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. शेवट असा कधी येतच नाही, आणि शेवट न येता हातातून फोन गेला की चार वर्षांचं लेकरू रडणारच.

या धंद्याचा आवाका कळावा म्हणून एक उदाहरण सांगते. अमेरिकेत रायन नावाच्या लहान मुलाच्या खेळण्यांच्या व्हिडिओंचं चॅनेल २०१५ मध्ये सुरू झालं. शंभराहून जास्त खेळणी भरलेलं एक भलंमोठं अंडं त्यानं उघडलं आणि तो जगभर पोचला. २०१८ मध्ये ‘फोर्ब्स’ मासिकानं त्या वर्षी यूट्यूबवरून सर्वाधिक कमावणाऱ्यांच्या यादीत त्याला पहिलं स्थान दिलं. कमाई होती २ कोटी २० लाख डॉलर, आणि मुलगा सात वर्षांचा. पुढच्याच वर्षी तिथल्या एका ग्राहक संस्थेनं सरकारकडे तक्रार केली : या व्हिडिओंत जाहिरात आणि खेळ इतके मिसळलेले आहेत की शाळेत जायच्या वयाआधीच्या मुलांना त्यातलं काही वेगळं काढता येत नाही.

ही तक्रार मला रास्त वाटते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या समितीनं २००४ मध्येच सांगितलं होतं की चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना कार्यक्रम कुठला आणि जाहिरात कुठली हे नीट कळत नाही. समोरचा आपल्याला काहीतरी विकतोय, हे कळायला तर सात-आठ वर्षं उजाडतात. आपल्याकडे पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओवर तसं लिहिण्याचा नियम जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्ये आणला. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानंही मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवर बंधनं घातली. हे चांगलंच झालं. पण कोपऱ्यातली ती बारीक ओळ तुमच्या लेकराला वाचता येत नाही. ती त्याच्या वतीनं मोठ्यांनीच वाचायची आहे.

सगळेच खेळण्यांचे व्हिडिओ असे नसतात. पुण्याच्या आयुका या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचे शेकडो छोटे व्हिडिओ केले. त्यातले पुष्कळ मराठीत आहेत आणि फुकट बघता येतात. गुप्तांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची स्ट्रॉची पिपाणी बघा. स्ट्रॉचं एक टोक दाबून चपटं करायचं, कात्रीनं दोन्ही बाजूंनी तिरकं कापायचं आणि फुंकायचं. मुलगा फुंकत असताना तुम्ही दुसऱ्या टोकाकडून तुकडे कापत गेलात की आवाज बारीक होत जातो. इथे व्हिडिओ संपतो आणि खेळ घरात सुरू होतो. काही खेळण्यांना सुई, टाचणी लागते, ती मोठ्या मुलांसाठी ठेवा. चार वर्षांच्या मुलाला वर्तमानपत्राची टोपी पुष्कळ झाली.

आणि आजीला विचारून बघा. ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी तिला येत असेल. साल सोलायची, आतल्या भेंडाची चाकं करायची, सालीच्या काड्या टोचून ती जोडायची. साल हाताला कापते म्हणून सोलण्याचं काम आजीकडे आणि टोचण्याचं नातवाकडे द्यावं.

आता फोनचं. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, तीही मोठ्यांच्या सोबतीनं, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. दोन वर्षांखाली तर नकोच, फक्त व्हिडिओ कॉल चालतो. आजीच्या फोनवर ‘यूट्यूब किड्स’ हे ॲप घाला. त्यात फक्त तुम्ही निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सोय आहे, वेळेचा गजर लावता येतो, शोधायची खिडकीही बंद करता येते. रात्री दहा मिनिटं काढून आठवड्याचे व्हिडिओ निवडून ठेवलेत की आजीला काही करावं लागणार नाही. फोन हातात देतानाच ‘हा एक संपला की ठेवायचा’ असं सांगा, आणि मध्येच हिसकावू नका.

राहिलं ते अंडं. फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक यांच्या उरुसात खेळण्यांची दुकानं लागतील. एकदा घेऊन द्यायला हरकत नाही. मात्र खोक्यावर आयएसआय चिन्ह बघा, खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. घरात तीन वर्षांखालचं लेकरू असेल तर अंड्यातले बारीक तुकडे त्याच्या हाती लागू देऊ नका. पाण्यात टाकल्यावर फुगणारे रंगीत मणी या व्हिडिओंत फार दिसतात. ते घरात आणूच नका, गिळले तर आतड्यात फुगून अडकतात. खेळण्यात बटणासारखा चपटा सेल असेल तर त्याचं झाकण स्क्रूनं बंद होतं का ते तपासा. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट बघू नका, उलटी करवू नका, एक्स-रेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात तडक न्या आणि तिथे ‘सेल गिळलाय’ हे पहिल्या वाक्यात सांगा.